बँक निवडताना ऑनलाइन तारे कितपत कामी आले? अनुभव सांगा

नवं खातं उघडायचंय म्हणून आठवडाभर बँकांचे ऑनलाइन अभिप्राय वाचतोय. एकीला ४.६ तारे, दुसरीला ३.१. दोन्हीकडे खाती असलेले घरचे लोक मात्र नेमकं उलटं सांगतात. तारे बघून बँक निवडली असेल तर पुढे काय झालं ते लिहा. बँकेचं नाव नको, घडलं ते सविस्तर सांगा.

*

४.६ हा ॲपचा आकडा असेल, शाखेचा नव्हे. मीही त्यालाच भुलले होते. पैसे गेले, हिरवी खूण आली की लगेच 'किती तारे द्याल?' अशी चौकट यायची. मी पाच दाबले. पुढे एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले गेले आणि फोनवर पाऊण तास ताटकळले, तेव्हा ती चौकट काही आली नाही.

*

ॲपच्या आकड्याबद्दल थोडं. गूगल प्लेवर २०१९ पासून ताज्या रेटिंगला जास्त वजन दिलं जातं. ॲपलकडे नवी आवृत्ती आणताना जुनी सरासरी पुसून टाकायची सोय आहे. म्हणून दोन फोनवर एकाच बँकेचे तारे जुळत नाहीत.

*

वडील गेल्यावर त्यांच्या खात्यातली रक्कम आईला मिळवून द्यायची होती. शाखेला ४.३ तारे. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला मागितला, दुसऱ्या खेपेला त्याची साक्षांकित प्रत, तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. आई दर वेळी निळी फाइल छातीशी धरून बाकावर बसायची. ते आठवलं की अजून घसा दाटतो. एका रात्री त्या शाखेच्या अभिप्रायांत 'वारस' हा शब्द शोधला. सात जणांनी हेच हेलपाटे लिहिले होते! पाच ताऱ्यांखाली बहुतेक ठिकाणी नुसतं 'छान सेवा'. भावाचं खातं काढताना मी आधी 'वारस', 'तक्रार', 'कार्ड हरवलं' हे शब्द शोधले आणि ३.४ तारेवाली बँक घेतली. तिथे तिघांनी कार्ड कसं बंद केलं, नवं किती दिवसांत आलं, सगळं तपशीलवार लिहिलं होतं. दोन वर्षं झाली, आम्ही समाधानी आहोत.

*

आमच्या शाखेबाहेरचं एटीएम सारखं बंद असतं. त्याचा राग शाखेच्या नावावर एक तारा होऊन बसतो. आतल्या बाई माझ्या थरथरत्या सहीसाठी तीनदा नवा फॉर्म देतात, न कुरकुरता. त्यांच्यासाठी मी काल पहिल्यांदाच अभिप्राय लिहिला.

*

सरासरीवर जाऊ नका. पाच जणांनी ५ आणि पाच जणांनी १ दिला तरी ३, दहाही जणांनी ३ दिला तरी ३. मी तक्रारीखालचं बँकेचं उत्तर वाचतो. वीस तक्रारींखाली एकच 'दिलगीर आहोत' चिकटवलेलं दिसलं की पुढे वाचत नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. ३.१वालीचे अभिप्राय पुन्हा काढले, 'वारस' शोधलं. दोन सापडले, दोन्ही चांगले. संयुक्त खात्याचा अनुभव कुणाला आहे का? आईचं नाव सोबत घालायचंय.