मदत हवी आहे : कॅरेक्टर शीटमध्ये एक गुण उरतो आणि तो कुठेच बसत नाही

तूरडाळ

नमस्कार. रविवारी रात्री आमच्या गटाचा फासे टाकून पात्रे खेळवण्याचा पहिला खेळ डिस्कॉर्डवर आहे आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) शनिवारी संध्याकाळपर्यंत भरलेली कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचा तक्ता, मागितली आहे. पात्राच्या सहा गुणवैशिष्ट्यांत एकूण २७ गुण वाटायचे होते. ते मी वाटले, परंतु शेवटी एक गुण उरतो आणि तो काही केल्या कुठेच बसत नाही. १४ चे १५ करायला गेलो की ॲप नकार देते आणि १५ च्या पुढे तर ते जाऊच देत नाही. त्यात डीएमचा निरोप आला आहे की तुझी स्ट्रेंग्थ (ताकद) १७ दिसायला हवी होती. १५ हीच जर कमाल मर्यादा असेल, तर १७ आणायचे कुठून? कृपया व्हिडिओ पाहण्याचा सल्ला देऊ नये. ते तास-दीड तासाचे आहेत आणि आमच्या गावात संध्याकाळनंतर रेंज नावालाच असते. थेट उत्तर हवे आहे.

बालाघाट

उत्तर थेट देता येईल, पण त्यासाठी प्रश्न पूर्ण असायला हवा. खेळ कोणता, त्याची आवृत्ती कोणती, क्लास (पात्राचा पेशा) कोणता आणि सहाही ठिकाणी सध्या कोणते आकडे टाकले आहेत, एवढे कृपया लिहावे. एक गुण का उरला हे आकडे पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही, आणि अंदाजाने सांगितलेले उद्या तुमच्या डीएमसमोर टिकणार नाही.

रात्रपाळी

माझा अनुभव असा आहे की नवख्याने आधी संगणकावर बाल्डर्स गेट ३ खेळावे. २०२३ साली आलेला हा खेळ याच नियमांवर बेतलेला असून तिथेही २७ गुणच वाटावे लागतात, त्यामुळे हात आपोआप बसतो. फक्त १५० जीबी जागा, एसएसडी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागेल. तुमच्याकडे कोणते कार्ड आहे ते सांगितल्यास सेटिंग सुचवतो.

तूरडाळ

ग्राफिक्स कार्डाबद्दल मी काही विचारलेले नाही. घरातला एकमेव लॅपटॉप भावाबरोबर लातूरला आहे आणि माझे सारे काम मोबाइलवर चालते.

बालाघाट, २७ गुण म्हटल्यावर खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच असणार ना? क्लास फायटर (लढवय्या). आकडे असे आहेत : स्ट्रेंग्थ १५, डेक्स्टेरिटी (चपळाई) १४, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, विज्डम (शहाणपण) ११, इंटेलिजन्स (बुद्धी) ८ आणि करिश्मा (माणसांवर पडणारी छाप) ८. उरलेला एक गुण डेक्स्टेरिटीत टाकायचा आहे. त्यात अडचण काय आहे, एवढेच सांगा.

फासेपारखी

अडचण त्या २७ गुणांच्या पद्धतीतच आहे. पात्र फाशांतून जन्मावे. सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज लिहायची आणि असे सहा वेळा करायचे. सरासरी १२ च्या किंचित वर पडते, म्हणजे तुमच्या या ८-८ च्या कंजूष वाटणीपेक्षा पात्र सहसा भरदारच निघते. आणि १७ हवे असेल तर पात्राचे कुळ हाफ-ऑर्क घ्या. स्ट्रेंग्थला २ आणि कॉन्स्टिट्यूशनला १ मिळतो. प्रश्न संपला.

बालाघाट

प्रश्न संपलेला नाही. फासेपारखी २०१४ च्या पुस्तकातले सांगत आहेत आणि ते त्या पुस्तकापुरते अचूक आहे. तथापि २०२४ च्या सुधारित प्लेयर्स हँडबुकात हाफ-ऑर्क नाही, ऑर्क आहे, आणि जे काही निवडाल त्यापायी या सहा आकड्यांत एकाचीही भर पडत नाही. म्हणूनच मी आवृत्ती विचारली होती. ती आठवत नसेल तर शीटवर एवढेच पाहा की पात्राच्या कुळाच्या चौकटीवर ‘रेस’ असे लिहिले आहे की ‘स्पीशीज’.

दरम्यान पहिल्या शंकेचे निरसन करतो, कारण ते दोन्ही आवृत्त्यांत सारखेच आहे. प्रत्येक आकडा ८ पासून सुरू होतो. ८ पासून १३ पर्यंत दर पायरीला एक गुण खर्च होतो, परंतु १३ चे १४ करताना दोन आणि १४ चे १५ करताना पुन्हा दोन गुण लागतात. म्हणजे १३ ला एकूण ५, १४ ला ७ आणि १५ ला ९ गुण मोजावे लागतात. तुमचा हिशेब स्ट्रेंग्थचे ९, डेक्स्टेरिटी व कॉन्स्टिट्यूशनचे सात-सात आणि विज्डमचे ३ असा २६ होतो. उरलेल्या एका गुणात १४ चे १५ होऊ शकत नाही, तेव्हा ॲप बरोबर सांगत आहे. तोच गुण विज्डमला दिला तर मात्र ११ चे १२ होतात आणि २७ पूर्ण भरतात. हा बदल किरकोळ नाही. मॉडिफायर, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायची भर, काढताना आकड्यातून १० वजा करून उरलेल्याचे निम्मे घेतात आणि अर्धा सोडून देतात, त्यामुळे ११ ला शून्य मिळते आणि १२ ला अधिक एक. विषम आकडा शीटवर दिसतो मोठा, पण फासा टाकताना त्याचा उपयोग खालच्या सम आकड्याइतकाच.

तूरडाळ

‘स्पीशीज’ असे लिहिले आहे. हे पायऱ्यांचे महाग होणे ॲपमध्ये कुठेही ठळक दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते. आता १७ चे सांगा. बॅकग्राउंड (पात्राचे पूर्वायुष्य) मी अजून निवडलेलेच नाही, कारण ते फक्त पात्राची हकीकत लिहिण्यासाठी असावे असे वाटले.

बालाघाट

तुमचे १७ तिथेच अडकले आहे. २०२४ च्या नियमांत आकड्यांतली वाढ बॅकग्राउंडमधून मिळते. प्रत्येक बॅकग्राउंडपुढे तीन गुणवैशिष्ट्ये दिलेली असतात. त्यांपैकी एकाला २ आणि दुसऱ्याला १ द्यावा, किंवा तिघांना एकेक द्यावा. १५ ची मर्यादा ही वाढ मिळण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे. फुकट उपलब्ध असलेल्या नियमांत अकोलाइट, क्रिमिनल, सेज आणि सोल्जर ही चार बॅकग्राउंड आहेत. फायटरसाठी सोल्जर सरळ बसते, कारण त्यापुढे स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन हीच तीन नावे आहेत. स्ट्रेंग्थला २ द्या, १७ होतील, आणि डीएमचा निरोप बहुधा हेच गृहीत धरून आला असावा. सोल्जरबरोबर सॅव्हेज अटॅकर हे फीट (खास कसब) आणि ॲथलेटिक्स व इंटिमिडेशन (धाक दाखवणे) ही दोन कौशल्येही मिळतात.

किल्लेदार उदगीर

सर्व जण आकडेमोडीत गुंतले आहेत, म्हणून दोन शब्द लिहितो. हे पात्र कोण आहे, कुठून आले, कशाला घाबरते, याचा विचार कोणी केला आहे का? आपल्या मराठवाड्यात पात्रांची वाण नाही. देवगिरीच्या अंधारीत पहारा देणारा शिपाई घ्या : खाली खंदक, त्याच्या अलीकडच्या बुरुजावर मेंढा तोफ, आणि पुढे तो काळोखाचा वळणदार बोगदा, ज्यात शिरलेल्या शत्रूला पुढचे पाऊल कुठे टाकावे हेही कळत नसे. अशा माणसाला करिश्मा ८ देणे मला पटत नाही. ज्याच्या एका हाकेने माणूस जागच्या जागी थांबतो, तो बुजरा कसा असेल?

फासेपारखी

पूर्ण सहमत. फाशांवर हा आकडा कदाचित १४ ही आला असता.

बालाघाट

किंवा ५ आला असता. चौघा मित्रांच्या गटात एकाला तीन आकडे सोळाच्या वर आणि दुसऱ्याला एकही तेराच्या वर नाही, अशी स्थिती मी डीएम म्हणून पाहिली आहे. दुसरा खेळाडू पुढे खेळायला येईनासा होतो. पहिलेच पात्र फाशांवर सोपवणे म्हणजे सोयाबीनचा भाव धरून आधीच उधारी करून बसण्यासारखे आहे. शिवाय तूरडाळ यांच्या डीएमने २७ गुण ठरवून दिले आहेत, तेव्हा हा वाद त्यांच्या कामाचा नाही.

किल्लेदारांचा मुद्दा मात्र नियमांच्या बाजूनेही खरा आहे. इंटिमिडेशन हे कौशल्य करिश्मावर चालते. सोल्जरमुळे ते मिळाले आणि करिश्मा ८ ठेवली, तर पहिल्या लेव्हलच्या प्रावीण्याच्या अधिक दोनमधून एक वजा होऊन हाती फक्त एक उरतो.

तूरडाळ

मग करिश्मा वाढवायला गुण आणू कुठून? आत्ताच २७ भरले आहेत. आणि देवगिरीचा पहारेकरी चालेल का हे डीएमला विचारले. तो म्हणाला की त्याच्या जगात किल्ले आहेत, नाव बदलून घे.

बालाघाट

गुण कॉन्स्टिट्यूशनमधून काढावे. सध्या ती १४ आहे आणि सोल्जरचा उरलेला एक तिला दिला की १५ होते, परंतु १५ आणि १४ चा मॉडिफायर एकच, म्हणजे तो एक वाया गेला. डेक्स्टेरिटीला दिला तरी तेच, तीही १४ च आहे. त्याऐवजी कॉन्स्टिट्यूशन १३ विकत घ्या आणि बॅकग्राउंडच्या एकाने तिला १४ करा. यात दोन गुण मोकळे होतात आणि ते दोन्ही करिश्माला दिले की ८ ची १० होते, म्हणजे वजाबाकी संपली. अखेरची वाटणी स्ट्रेंग्थ १५, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १३, विज्डम १२, करिश्मा १० आणि इंटेलिजन्स ८ अशी होईल. सोल्जर धरल्यावर पहिली १७ आणि तिसरी १४. शीटवर एकटी स्ट्रेंग्थ विषम राहील. तिची काळजी करू नये, कारण चौथ्या लेव्हलला मिळणाऱ्या फीटबरोबर बहुधा एक वाढतो आणि १७ चे १८ होतात.

फासेपारखी

१५, १४, १३, १२, १०, ८. महाराज, हा तर पुस्तकात दिलेला तयार संच आहे! स्टँडर्ड ॲरे म्हणतात तो हाच, आणि त्याची किंमतही बरोबर २७ गुणच भरते. एवढा खटाटोप करून आपण ज्या जागी पोहोचलो, तिथे पुस्तकाने पहिल्याच पानांत आणून सोडले होते.

बालाघाट

खरे आहे. फरक इतकाच की आता कोणता आकडा कुठे आणि का, हे तूरडाळ यांना डीएमला सांगता येईल. तुम्ही फाशांऐवजी तयार संचाची बाजू घेतलेली पाहून आनंद झाला.

फासेपारखी

बाजू घेतलेली नाही, केवळ नोंद केली आहे. शिवाय एक त्रुटीही दाखवतो. फायटरला सुरुवातीच्या सामानात चेन मेल (कड्यांचे चिलखत) मिळते. तिचे आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १६ ठरलेले असून त्यात डेक्स्टेरिटी मिळवली जात नाही. मग डेक्स्टेरिटीवर सात गुण कशासाठी?

बालाघाट

आक्षेप योग्य आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. कोणाची पाळी आधी हे ठरवणारा इनिशिएटिव्हचा फासा डेक्स्टेरिटीवरच चालतो, आणि स्फोट किंवा सापळ्यापासून अंग चोरताना टाकायचा फासाही तिच्यावरच. हेही खरे की या कड्याकड्यांच्या चिलखताने लपतछपत चालताना फाशाला डिसअॅडव्हान्टेज लागतो (दोनदा टाकून लहान आकडा धरावा लागतो), तेव्हा डेक्स्टेरिटी १० वर आणली तर बिघडत काही नाही. माझ्या गटात नवख्यांना मी १४ च सुचवतो, कारण पहिल्या काही खेळांत चिलखत काढून झोपलेल्या पात्रावरच डीएम हमखास हल्ला करतो. तशा वेळी आर्मर क्लास म्हणजे १० अधिक डेक्स्टेरिटीचा मॉडिफायर, एवढेच उरते.

रात्रपाळी

बाल्डर्स गेटमध्ये हे सर्व ॲप स्वतःच मांडून दाखवते, एवढेच नमूद करतो.

तूरडाळ

डेक्स्टेरिटी १४ च ठेवली आणि सोल्जर घेतले. स्पीशीज ड्वॉर्फ घेतली, कारण अंधारात १२० फुटांपर्यंत दिसते आणि अंधारीतल्या पहारेकऱ्याला ते शोभते. हिट पॉइंट (पात्र किती इजा सोसू शकते तो आकडा) ॲपने १३ दाखवले आहेत. ते बरोबर आहेत ना? आणि दोन चौकटी अजून रिकाम्या आहेत : दोन कौशल्ये आणि वेपन मास्टरीसाठी (शस्त्रांच्या खास करामतींसाठी) तीन शस्त्रे. शनिवारची संध्याकाळ होत आली आहे, कृपया लवकर सांगावे.

बालाघाट

१३ बरोबर आहेत : फायटरचे १०, कॉन्स्टिट्यूशनचे २ आणि ड्वॉर्फला दर लेव्हलला जास्तीचा मिळणारा १. कौशल्यांत ॲथलेटिक्स आणि इंटिमिडेशन पुन्हा निवडू नये, ती सोल्जरकडून आलेली आहेत. पर्सेप्शन (चाहूल टिपणे) आणि सर्व्हायव्हल (रानात तग धरणे) घ्यावीत. दोन्ही विज्डमवर चालतात, आणि तो शेवटचा गुण तिथे टाकल्यामुळे पर्सेप्शन आता अधिक तीन होते.

शस्त्रे जी सामानात मिळतात तीच निवडावीत. ग्रेटसोर्डच्या (मोठ्या तलवारीच्या) मास्टरीमुळे वार चुकला तरी शत्रूला स्ट्रेंग्थच्या मॉडिफायरइतकी, म्हणजे तुमच्या बाबतीत तीनची, इजा होते. फ्लेल (साखळीचा गोळा) लागला की शत्रूच्या पुढच्या हल्ल्याला डिसअॅडव्हान्टेज लागतो, आणि जॅव्हलिन (फेकायचा भाला) लागली की त्याची चाल दहा फुटांनी कमी होते. ग्रेटसोर्ड दोन्ही हातांनी धरावी लागते, तेव्हा ढाल घेण्याचा विचार असेल तर फ्लेल हाताशी असू द्यावा. ढालीने आर्मर क्लास दोनने वाढतो, मात्र ती या सामानात नाही, विकत घ्यावी लागेल.

किल्लेदार उदगीर

नाव काय ठेवले?

तूरडाळ

ती चौकट भरलेली नाही, तिच्याविना शीट पाठवली. डीएमने स्वीकारली आहे, फक्त ढालीचे पैसे कुठून आणणार असे विचारतो आहे.

बालाघाट

सामानाच्या पर्यायांत तिसरा पर्याय पाहा : वस्तूंऐवजी रोख १५५ सोन्याची नाणी मिळतात. चेन मेलची किंमत ७५ आणि ढालीची १० आहे. फ्लेल व जॅव्हलिन स्वस्त आहेत, त्या उरलेल्या ७० मध्ये आरामात बसतात. ग्रेटसोर्ड ५० ला आहे, तिचा विचार ढाल की तलवार हे ठरल्यावर करावा.