वार्षिक करारांसाठी इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीची सेवा कोणत्या निकषांवर निवडावी?

लिफ्टवाला_पुणे

आमचा व्यवसाय लिफ्टच्या देखभालीचा आहे. पुण्यात सुरुवात झाली आणि आता नाशिक व कोल्हापूर येथेही शाखा आहेत. बहुतेक ग्राहक सहकारी गृहनिर्माण संस्था असल्यामुळे प्रत्येक वार्षिक करारावर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघांच्या सह्या लागतात. अध्यक्ष मुलाकडे बंगळुरूला गेलेले असतात, खजिनदार रात्री नऊनंतरच घरी भेटतात आणि सचिव म्हणतात की आधी त्या दोघांच्या सह्या आणा. नूतनीकरणाच्या हंगामात आमची दोन माणसे केवळ सह्या गोळा करत फिरत असतात आणि तोवर तंत्रज्ञ कराराविनाच सेवा देत राहतात.

यंदा हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करावे असे ठरवले आहे. तीन कंपन्यांकडून दरपत्रके घेतली. पहिली परदेशी आणि नावाजलेली आहे, दुसरी भारतीय असून आधार ई-साइन देते आणि तिसरी आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसोबत जोडून मिळणारी, सर्वांत स्वस्त आहे. तिघांचेही प्रतिनिधी ‘आमची सही कायदेशीरदृष्ट्या पूर्णपणे वैध आहे’ असेच सांगतात; मात्र दरांत इतकी तफावत का, याचे समाधानकारक उत्तर कोणी देत नाही. संस्थांच्या करारांखेरीज तंत्रज्ञांची नियुक्तिपत्रे, पुरवठादारांशी होणारे करार आणि कंट्रोल पॅनेल पुरवणाऱ्या एका जर्मन कंपनीशी होणारा करार हीही कागदपत्रे आहेत. निवड करताना नेमके काय पाहावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

कागदपत्री

मी कंपन्यांच्या करारांचे काम पाहते. तिन्ही प्रतिनिधी खोटे बोलत नाहीत, परंतु वैध या एका शब्दात ते दोन वेगळ्या गोष्टी कोंबत आहेत. करार वैध असणे ही एक गोष्ट आणि उद्या समोरच्याने ‘ही सही माझी नाही’ असे म्हटल्यास ती सिद्ध करण्याचा भार कोणावर पडतो, ही दुसरी. दरांतील तफावत मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीची असते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 10-अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून कोणताही करार अग्राह्य ठरत नाही. त्यामुळे ईमेलवरील दुव्यावर क्लिक करून, बोटाने पडद्यावर नाव रेखाटून केलेला करारही करारच असतो. परंतु कायद्याने ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ म्हणून ज्या पद्धतींना मान्यता दिली आहे, त्या मोजक्याच आहेत. एक म्हणजे परवानाधारक प्रमाणन प्राधिकरणाने दिलेले डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, जे आपण यूएसबी टोकनवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या छोट्या साधनावर वापरतो. दुसरी म्हणजे ई-साइन, ज्यात आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि त्यावर सही होते. ई-साइनचा मार्ग 2015 च्या नियमांनी खुला झाला. या मान्य पद्धतीने झालेल्या सहीच्या बाजूने न्यायालय काही गोष्टी गृहीत धरू शकते. बोटाने रेखाटलेल्या सहीबाबत मात्र ईमेल कोणाचा होता, आयपी पत्ता (उपकरणाचा इंटरनेटवरील पत्ता) कोणता होता, आधी काय पत्रव्यवहार झाला, हे सारे तुम्हालाच मांडावे लागते.

म्हणून आधी सेवा निवडू नका. आधी कागदपत्रांचे ढीग करा. ज्या कागदावरून वाद झाल्यास मोठी रक्कम अडकेल तो ई-साइनच्या ढिगात जावा. ज्यावरून वाद होण्याची शक्यता नगण्य आहे, त्याला साधी क्लिकची सही पुरेशी आहे. कुलमुखत्यारपत्र, न्यासपत्र आणि मृत्युपत्र या कागदांना हा अधिनियमच सर्वसाधारणपणे लागू होत नाही. नियामक संस्थांच्या अखत्यारीतील बँका वगैरेंना दिलेल्या कुलमुखत्यारपत्रांना 2022 मध्ये सवलत मिळाली, परंतु तुमच्या कामाची कुलमुखत्यारपत्रे कागदावरच करावी लागतील.

एक बाब प्रतिनिधी आपणहून सांगत नाहीत. आधार ई-साइनने सही होते ती व्यक्तीची. ती व्यक्ती संस्थेची अध्यक्ष आहे आणि तिला सही करण्याचा अधिकार आहे, हे त्या सहीतून कळत नाही. त्यासाठी व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत कराराला जोडून घ्या, विशेषतः संस्थेची निवडणूक नुकतीच झाली असेल तर.

विंग_बी_सचिव

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, म्हणजे गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने लिहितो. आमच्या संस्थेत सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीने मागील वर्षी आधार ई-साइनवर करार पाठवला होता. माझी सही दोन मिनिटांत झाली. आमच्या अध्यक्षांचे वय अठ्ठ्याहत्तर असून त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक त्यांच्या मुलाचा निघाला. ओटीपी मुलाच्या फोनवर गेला, मुलगा बैठकीत होता, त्याने परत फोन करेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. शेवटी रविवारी मुलगा घरी आल्यावर सही झाली. खजिनदारबाईंच्या आधारवर माहेरचे नाव होते आणि करारात सासरचे. सहीखाली उमटलेले नाव पाहून आमच्या लेखापरीक्षकांनी विचारले, ‘या कोण?’

त्यानंतरचा प्रसंग अधिक बोलका आहे. करार संगणकावर उघडला तेव्हा सहीशेजारी पिवळे प्रश्नचिन्ह दिसत होते आणि सहीची वैधता अज्ञात असल्याचा संदेश होता. एका सभासदाने समितीच्या गटावर त्याचे छायाचित्र टाकून ‘सही बनावट आहे’ असे जाहीर केले. दोन दिवस त्यावरच चर्चा चालली.

म्हणून माझी विनंती अशी की सेवा घेताना, सही करणारा मनुष्य संगणकाशी फारसा परिचित नाही असे गृहीत धरून, त्याच्यासमोर कोणते पडदे येतील ते स्वतः पाहून घ्या. सूचना मराठीत आहेत का, ओटीपी पुन्हा मागवता येतो का, पहिल्याने सही केल्यावरच दुसऱ्याकडे दुवा जातो की तिघांना एकाच वेळी पाठवता येतो, या गोष्टी तुमच्यापेक्षा आम्हाला अधिक भोगाव्या लागतात. शिवाय काही सभासद आधार देण्यास स्पष्ट नकार देतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. अशा वेळी त्याच करारावर एकाने टोकनने आणि दुसऱ्याने ई-साइनने सही करण्याची सोय हवी.

हॅश_आणि_मीठ

पिवळ्या प्रश्नचिन्हाचा उलगडा करतो, कारण हा प्रश्न तुमच्या प्रत्येक ग्राहकाकडून येणार आहे. पीडीएफ वाचणारे सॉफ्टवेअर स्वतःच्या यादीतील मूळ प्रमाणपत्रांवरच विश्वास ठेवते. भारतातील प्रमाणपत्रांच्या साखळीच्या शिरोभागी असलेले, केंद्र सरकारच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र त्या यादीत नसेल तर सही खरी असूनही प्रश्नचिन्ह दिसते. सहीवर क्लिक करून ते प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून एकदा नोंदवले की त्याजागी हिरवी खूण येते. बँकेची विवरणपत्रे आणि डाउनलोड केलेले आधार यांबाबतही हाच अनुभव येतो. करारासोबत याची अर्ध्या पानाची मराठी सूचना पाठवा. सचिवसाहेबांच्या गटावरील दोन दिवस वाचले असते.

ई-साइनच्या आत काय घडते हे माहीत असल्यास प्रतिनिधीला प्रश्न विचारणे सोपे जाते. करार ज्या संकेतस्थळावरून पाठवला जातो तो एक घटक आणि प्रत्यक्ष सही निर्माण करणारा परवानाधारक हा दुसरा घटक. दुसऱ्याकडे तुमचा करार जातच नाही. त्याचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये थोडाही बदल झाला की बदलणारा तिचा अंकी ठसा, तेवढा जातो. ओटीपी पडताळल्यावर त्या व्यक्तीसाठी गुप्त किल्ली (सही करण्यासाठीचा गुप्त संगणकीय संकेत) आणि तिचे प्रमाणपत्र तयार होते, सही होते आणि किल्ली नष्ट केली जाते. प्रमाणपत्राची मुदत जेमतेम 30 मिनिटांची असते. एका ग्राहकाने मला ‘मग एकतीसाव्या मिनिटाला करार रद्द होतो का’ असे विचारले होते. तसे होत नाही, कारण प्रमाणपत्र सहीच्या क्षणी वैध होते की नाही हे पाहिले जाते. परंतु त्यासाठी सहीची वेळ विश्वासार्ह रीतीने फाइलमध्ये नोंदलेली असणे आवश्यक आहे. दरपत्रक देणाऱ्या कंपनीला नेमके हेच विचारा की वेळेचा शिक्का कोणाचा आहे आणि दहा वर्षांनी तुमची कंपनी नसली तरी ही सही निव्वळ पीडीएफवरून तपासता येईल का. या प्रश्नावर जो गडबडतो त्याला बाजूला ठेवा. परवानाधारक कोण आहे हेही विचारा. ईमुद्रा, प्रोटीन, आपल्या पुण्यातील सी-डॅक यांपैकी किंवा नियंत्रकांच्या यादीतील अन्य कोणाचे नाव त्यांनी लगेच सांगितले पाहिजे.

आणखी एक. सही केलेला करार छापला की कागदावर उरते ते सहीचे चित्र. सही फाइलमध्ये असते. म्हणून मूळ पीडीएफ जपून ठेवा आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा जतन करू नका. सेवा बदलताना सर्व मूळ फाइली आणि प्रत्येक सहीची घटनानोंद (कोणी, केव्हा, कशी सही केली याची नोंद) एकगठ्ठा उतरवून घेता येईल, असे करारात लिहून घ्या.

लिफ्टवाला_पुणे

मनःपूर्वक आभार. ढीग करण्याची सूचना लगेच अमलात आणत आहे. दोन उपप्रश्न आहेत. मुद्रांकाचे काय करायचे? आणि आमच्या कंपनीच्या बाजूची सही मी टोकनने करावी का? माझे टोकन सध्या आमच्या सीएंच्या कार्यालयात असते, कारण विवरणपत्रे तेच भरतात.

कागदपत्री

टोकन आजच परत आणा. अधिनियमाचे कलम 42 सांगते की गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची आहे. टोकन आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या खणात असताना त्याने झालेली प्रत्येक सही कायद्याच्या दृष्टीने तुमचीच असते. हा प्रघात आपल्याकडे सर्रास आहे आणि सीए मंडळी सचोटीने वागतात म्हणूनच तो निभावतो. करारांसाठी, कंपनीचे नाव असलेले स्वतंत्र प्रमाणपत्र घेतल्यास तुम्ही कंपनीच्या वतीने सही करत आहात हेही त्यातूनच दिसते.

मुद्रांकाबाबत अनेकांची समजूत अशी असते की कागद नाही म्हणजे मुद्रांक नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात दस्ताच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचाही समावेश आहे, त्यामुळे शुल्क द्यावेच लागते. ते सही होण्यापूर्वी, सहीच्या वेळी किंवा फार तर सहीच्या पुढील कामकाजाच्या दिवशी भरले गेले पाहिजे. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभर रुपयांचे किमान शुल्क अनेक प्रकारच्या दस्तांसाठी 500 रुपये झाले आहे. तेव्हा तुमच्या कराराला कोणता अनुच्छेद लागतो हे सल्लागाराकडून एकदाच लेखी घेऊन ठेवा. सेवा कंपन्या ‘ई-मुद्रांकाची सोय आहे’ असे सांगतात, परंतु ती सोय महाराष्ट्रासाठी आहे का आणि असल्यास शुल्क कोणत्या मार्गाने भरले जाते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. राज्य शासनाच्या ग्रास या ऑनलाइन भरणा प्रणालीवर चलन भरून ते कराराच्या फाइलला सहीपूर्वी जोडणे, हा मार्ग थोडा वेळखाऊ असला तरी स्वच्छ आहे.

न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग असतात. एक अभिलेखाचा ताबा असलेल्याने द्यायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅशही नमूद करावा लागतो. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जो निकाल दिला, तो आपल्या जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातूनच आला होता; मूळ साधन न्यायालयात सादर करता येत नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. सेवा कंपनी या कामी काय सहकार्य करील आणि त्याचे वेगळे पैसे घेईल का, हे आताच विचारा.

साधासरळ

थोडा विरोधी सूर लावतो. सेवा विकणारे तुम्हाला प्रत्येक कागदावर सही हवी असे पटवून देतील, कारण त्यांचे पैसे सहीगणिक आहेत. जीएसटीच्या नियम 46 नुसार इलेक्ट्रॉनिक बीजकावर सहीची आवश्यकताच नाही, तरी बीजकांवर घाऊक सह्यांची योजना आमच्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला होता. अटी न बदलता होणारे नूतनीकरण असेल तर मूळ करारातच असे कलम घाला की संस्थेच्या नोंदणीकृत ईमेलवरून स्वीकृती आली आणि पैसे जमा झाले की करार एका वर्षाने वाढला. तिघांच्या सह्या मग पहिल्या वर्षी आणि दर बदलताना लागतील.

दराची तुलना करताना एका करारामागे तीन सह्या म्हणजे तीन शुल्के, हे ध्यानात ठेवा. अर्धवट राहिलेल्या ओटीपीचे पैसे कापले जातात का आणि आगाऊ घेतलेल्या सह्या वर्षअखेरीस बाद होतात का, हेही विचारा. तुमचे काम हंगामी असल्यामुळे दरमहा ठरावीक सह्यांची योजना तुम्हाला महाग पडेल.

लिफ्टवाला_पुणे

नूतनीकरणाचे कलम आमच्या मसुद्यात आजवर नव्हते; ते घालून घेतो. त्यामुळे गरज निम्म्याहून कमी होईल असे दिसते. जर्मन पुरवठादाराविषयी कोणी सांगू शकेल का? त्यांच्याकडे आधार असणार नाही हे उघडच आहे.

हॅश_आणि_मीठ

युरोपीय संघात 2014 चा ईआयडीएएस हा इलेक्ट्रॉनिक सह्यांविषयीचा नियम लागू आहे आणि त्यात साधी, प्रगत व अर्हताप्राप्त अशा तीन पायऱ्या आहेत. हाताने केलेल्या सहीच्या बरोबरीचा दर्जा तिसऱ्या पायरीलाच मिळतो आणि ती तेथील मान्यताप्राप्त पुरवठादाराकडूनच घ्यावी लागते. तुमची आधार सही त्या पायरीवर बसत नाही आणि त्यांची सही आपल्या कायद्यातील मान्य पद्धतींत बसत नाही. परंतु वस्तूंच्या पुरवठ्याच्या साध्या करारासाठी इतक्या वरच्या पायरीची गरज सहसा पडत नाही. त्यांच्याकडे वापरात असलेल्या सेवेवर त्यांना करार पाठवू द्या, तुम्ही त्यावर सही करा आणि करारात अशा सह्या उभयपक्षी मान्य असल्याचे कलम ठेवा. वर्षाकाठी अशा एकदोन कागदांसाठी परदेशी सेवेची वार्षिक वर्गणी भरण्याचे कारण मला तरी दिसत नाही. भारतीय सेवा घ्या आणि पहिल्या महिन्यात ओळखीच्या चारपाच संस्थांवरच ती चालवून पाहा, ज्यांतील एखाद्या तरी संस्थेचे अध्यक्ष विंग_बी_सचिव यांच्या अध्यक्षांसारखे असतील.