९८.४१ पर्सेंटाइल, मुलगी, ओबीसी. सीओईपी मिळेल का?

धायरीची_आई:
इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा २०२५ चा निकाल लागला, मुलीला पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ९८.४१ आलेत. तिला कॉम्प्युटरच करायचंय आणि तेही पुण्याच्या सीओईपी या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजलाच. घरात याआधी कुणी इंजिनिअरिंगला गेलेलं नाही त्यामुळे आम्हाला यातलं काही कळत नाही. क्लासचे सर म्हणाले ९९.५ च्या खाली सीओईपीचं नाव काढू नका, शेजारच्या काकू म्हणतात त्यांच्या भाच्याला ९६ ला मिळालं. मग खरं काय धरायचं? मुलगी दोन दिवस नीट जेवली नाहीये.

संगमावरचा_मेटा:
काकू, दोघंही खरं बोलतायत. सर कॉम्प्युटरचं सांगतायत, शेजारच्या काकूंच्या भाच्याला दुसरी ब्रँच मिळाली असणार किंवा त्याची कॅटेगरी वेगळी असणार. "सीओईपीचा कटऑफ" असा एक आकडा नसतोच, ब्रँच, कॅटेगरी आणि राऊंड (प्रवेशाची फेरी) तिन्ही धरून बघावं लागतं. मी इथे मेटलर्जीला तिसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षांपूर्वी मीही असाच घाबरलो होतो.
आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते बघा. यंदा पीसीएमला चार लाखांहून जास्त मुलं बसली, म्हणजे ९८.४१ ला साधारण साडेसहा-सात हजार मुलं पुढे आहेत आणि ९९.८ ला आठ-साडेआठशे. ऐकायला दीड पर्सेंटाइलचाच फरक पण रांग केवढी लांब ते बघा. ओपनमधून कॉम्प्युटर ९९.८ च्या वर जातं, ओबीसी मुलींचं त्याच्या खाली बंद होतं पण ९८.४१ पर्यंत येईल असं मला वाटत नाही, खोटी आशा लावत नाही. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) ही अवघडच. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रूमेंटेशनला प्रयत्न जरूर करा आणि मॅन्युफॅक्चरिंग, सिव्हिल, मेटलर्जीला मला चांगली आशा वाटते.
सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ आहे. त्यात प्रत्येक चौकटीत मेरिट नंबर असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल. मेरिट लिस्ट लागली की तिचा नंबर त्या नंबरशी लावून बघा, पर्सेंटाइलपेक्षा ते जास्त खरं. आणि सगळे राऊंड बघा फक्त पहिला नको, कारण वरची बरीच मुलं आयआयटी-एनआयटीला निघून जातात आणि यादी खाली सरकते. सीओईपीच्या सीटा स्टेट लेव्हलच्या म्हणून पीडीएफमधल्या कॅटेगरीच्या कोडच्या शेवटी एस असतो, पुण्याची म्हणून वेगळा फायदा नाही. मुलीचा विचार ओबीसी लेडीज, ओबीसी जनरल आणि ओपन अशा सगळ्या रकान्यांत होतो त्यामुळे एकच रकाना बघून निराश होऊ नका.

धायरीची_आई:
खूप आभार बाळा, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मग फॉर्ममध्ये कॉम्प्युटर टाकायचंच नाही का? वरचे ऑप्शन वाया गेले तर खालचंही हातचं जाईल अशी भीती वाटते.

संगमावरचा_मेटा:
टाका, सगळ्यात वर टाका. वरचं नाही लागलं म्हणून खालचा नंबर मागे पडत नाही, सिस्टीम वरून खाली बघत येते आणि मेरिटमध्ये बसेल ते पहिलं देते. ३०० ऑप्शन भरता येतात. जपायचं एवढंच की यंदा चार राऊंड आहेत, पहिल्या राऊंडला यादीतला पहिला ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणून वरच्या सहात मनापासून हवं तेच, "बघू तरी" म्हणून काही नको.

कर्वेनगर_एक्स्टीसी:
ताई, मला एक सांगावंसं वाटतं. सीओईपी १८५४ चं कॉलेज, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ, नाव मोठंच आहे पण तिला खरंच कोडिंग आवडत असेल तर पुण्यातल्याच पीआयसीटी, कमिन्स, व्हीआयटी या खाजगी कॉलेजांचे कॉम्प्युटर आणि आयटीचे आकडेही बघा, नुसत्या नावासाठी नावडती ब्रँच चार वर्षं ओढणं फार जड जातं, माझ्या रूममेटचं झालंय. फीची काळजी असेल तर जुलै २०२४ च्या जीआरने ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना कॅपमधून (म्हणजे सीईटी सेलच्या या राऊंडमधून) प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, खाजगी कॉलेजलासुद्धा. फक्त डीम्ड आणि खाजगी विद्यापीठांना नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. त्यामुळे सीओईपी मेकॅनिकल की बाहेर कॉम्प्युटर हे पैशावरून ठरवू नका, तिलाच विचारा.

निगडीचे_बाबा:
ताई, चान्स नंतर मोजा, आधी कागद बघा. मागच्या वर्षी माझ्या मुलाचा नंबर ओबीसीत छान बसत होता. ओबीसी सवलतीसाठी लागणारा नॉन-क्रिमीलेअरचा (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दाखला जुना होता, माझ्या लक्षात आलं नाही आणि नवीन मुदतीत हातात पडला नाही, मुलगा ओपनमध्ये गेला आणि हातची सीट गेली. त्याने मला एका शब्दाने बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. यंदा ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेला दाखला लागेल. जात पडताळणीही बघून ठेवा. दाखला नसेल तर निदान अर्जाची पावती व्हेरिफिकेशनच्या आधी हातात पाहिजे.

धायरीची_आई:
दादा, आत्ता कपाटातून काढून बघितला. ३१ मार्च २०२५ लिहिलंय. म्हणजे संपलाय. पडताळणीचा कागद आहे. मिस्टरांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले काढून ठेवलेत, उद्या सकाळी सेतू उघडायच्या आधी जाऊन उभी राहते. आणि हो, मुलीला हे सगळं वाचून दाखवलं, ती पीडीएफ उघडून बसलीये आणि स्वतःच ऑप्शनची यादी करतीये.