रस्त्यावर काढलेलं सामान कुणाचं?

नांदेडकर: काल इथं एका भावानं लिहिलं, "शेजारच्या भाडेकरूला कोर्टाच्या बेलिफानं बाहेर काढलं. सामान दोन दिवस रस्त्यावर पडून होतं. मी कुकर आणि मांडणी घरी आणली, नाहीतर भंगारवाल्यानं नेलीच असती." वाचल्यापासून डोकं तापलंय. दोन दिवसांत तो माणूस लेकरं बहिणीकडं ठेवील, खोली शोधील का टेम्पो आणील? सामान त्यानं टाकलं नव्हतं, दुसऱ्यानं बाहेर काढलं होतं.

मूळ पोस्टवाला: आभाळ भरून आलं होतं. कुणीच फिरकलं नाही. मी चोर नाही.

वकील, संभाजीनगर: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीला कलम ३०३. ताबा सुटला होता म्हणाल, तर दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे वापरायला ३१४ आहे.

घरमालक, परभणी: सगळे भाडेकरूच्या बाजूनं! माझे सात महिन्यांचे पैसे बुडाले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लीव्ह-लायसन्स कराराची मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर दुप्पट भाडं लिहिलंय. वसूल कुणाकडून करू? डिपॉझिट लाईटबिलातच गेलं.

लातूरची भाडेकरू: काका, त्याच कायद्यात कलम २९ पण आहे, पाणी-वीज तोडता येत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात आमच्या मालकानं नळ बंद केला. कोर्ट नाही, नोटीस नाही, एका संध्याकाळी सामानच अंगणात. आईचा तांब्याचा हंडा गेला, त्याचं सोडा. कुणीतरी पत्र्याची पेटी नेली आणि आतले कागद नालीत फेकले. टीसी, जातीचा दाखला, सगळं. बहिणीचं एक वर्ष गेलं.

घरमालक, परभणी: मी कुणाचं पाणी तोडलं नाही, ताई. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

लातूरची भाडेकरू: नसेल तोडलं. पण तुमचं भाडं थकलं म्हणून तिसऱ्यानं कुकर न्यावा, हे कुठलं?

घरमालक, परभणी: ते मी म्हटलंच नाही. तिसऱ्याचा हक्क नाही, एवढं मान्य.

किल्लारीची आजी: ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपात आमचं माळवद बसलं. ढिगाऱ्यातून निघालेली भांडी शाळेपुढं मांडली होती. नाव वाचून ज्याची त्याला दिली. लेकरा, त्या कुकरवर नाव घातलेलं असेल, बघ.

मूळ पोस्टवाला: आहे. बाईचं नाव आहे. कुकर देतो. पण मांडणी पावसात गंजलीच असती, ती वाचवली हे तरी माना.

नांदेडकर: वाचवली असेल तर ती पण द्या. गल्लीतल्या किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत त्यांचा नंबर असेल. आजच जा.