आपल्या खासदारांच्या संसदेतील कामाची नोंद नेमकी कशी ठेवावी?

निफाडकर:

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात काही वाचकांनी असे ठरवले आहे की, आपल्या मतदारसंघाच्या खासदारांनी लोकसभेत केलेल्या कामाची एक नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक अधिवेशन संपल्यावर तिचा गोषवारा वाचनालयाच्या फलकावर लावावा. हेतू कोणाला पाडण्याचा किंवा निवडून आणण्याचा नाही. निवडणुकीच्या वेळी हाती पडणाऱ्या पत्रकांवर ‘इतके टक्के उपस्थिती, इतके प्रश्न’ असे आकडे असतात. त्या आकड्यांमागे काय आहे, हे मतदाराला कळावे एवढीच इच्छा आहे.

संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर उपस्थिती, चर्चेतील सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयके (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली विधेयके) यांचे आकडे मिळाले. परंतु दोन गोष्टी तिथे सापडल्या नाहीत. एक म्हणजे, कोणत्या विधेयकावर आमच्या खासदारांनी कोणत्या बाजूने मत दिले. आणि दुसरी म्हणजे, मंत्रालयांचे काम तपासणाऱ्या ज्या स्थायी समितीचे ते सदस्य आहेत तिच्यात त्यांनी काय केले. ही माहिती कुठे आणि कशी पाहावी? तसेच आकड्यांपैकी कोणत्या आकड्याला किती महत्त्व द्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमच्या भागाचा जिव्हाळ्याचा विषय अर्थातच कांदा आहे.

पटलावर:

आपला उपक्रम मनापासून आवडला. मतदान आणि समित्या यांविषयी इतर कोणी अधिक अधिकाराने लिहील. मी आकड्यांविषयी लिहितो.

उपस्थितीचा आकडा सदस्याने त्या दिवशी हजेरी नोंदवली एवढेच सांगतो. तो किती वेळ बसला, हे त्यावरून कळत नाही. मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांना ही हजेरी लागू नाही, त्यामुळे त्यांच्या नावापुढे आकडाच नसतो. शिवाय आकड्यामागचे कारण लिहिले नाही, तर तो आकडा अन्याय करतो. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात लोकसभेचे १०० आणि राज्यसभेचे ४६ सदस्य निलंबित झाले होते, त्यांत महाराष्ट्रातील सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे हेही होते. निलंबित सदस्यांचे प्रश्न यादीतून वगळण्यात आले. त्या अधिवेशनाचे त्यांचे आकडे निलंबनाचा उल्लेख न करता फलकावर लावणे योग्य होणार नाही.

प्रश्नांबाबत अधिक सावध राहावे लागते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, आणि कोणाचा प्रश्न यादीत यावा हे सोडतीने ठरते. तारांकित प्रश्नावर मंत्र्याला सभागृहात उभे राहून उपप्रश्नांना सामोरे जावे लागते. अतारांकित प्रश्नाचे केवळ लेखी उत्तर मिळते. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करून त्यांना एकच उत्तर दिले जाते, त्यामुळे एका उत्तराच्या डोक्यावर कधी कधी पाच-सहा खासदारांची नावे असतात आणि तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यावर मोजला जातो. म्हणून प्रश्नांची संख्या लिहून थांबू नये. प्रश्न उघडून वाचावा.

आता कांद्याचेच घेऊ. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा संसदेचे अधिवेशन चालू होते. ते २१ डिसेंबरला संपले. प्रश्नासाठी किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणजे या बंदीवर नव्याने सूचना देऊन रीतसर प्रश्न त्या अधिवेशनात येणे शक्यच नव्हते. ज्या खासदाराला त्या दोन आठवड्यांत बोलायचे होते, त्याच्यासमोर मुख्यतः शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ), नियम ३७७ खालील निवेदन (लोकहिताचा विषय मांडण्याची लोकसभेतील सोय) किंवा आधीच यादीत आलेल्या एखाद्या संबंधित प्रश्नावरचा उपप्रश्न हे मार्ग होते. त्यामुळे आपल्या खासदारांनी त्या काळात काय केले हे पाहायचे असेल, तर प्रश्नांच्या यादीत शोधून उपयोग नाही. शून्य प्रहराची कार्यवाही वाचावी लागेल. आणि बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण त्याच वेळी ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क आले. शुल्क पुढे २० टक्क्यांवर आणले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. इतक्या लांबलेल्या विषयाचा पाठपुरावा अधिवेशनामागून अधिवेशन केला की नाही, हे एका अधिवेशनाच्या आकड्यात कसे दिसणार?

आणखी एक बारकावा नोंदवतो. निर्यातबंदी हा वाणिज्य मंत्रालयाचा विषय, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचा, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाची, तर लागवड आणि उत्पादन कृषी मंत्रालयाचे. चुकीच्या मंत्रालयाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत येते. चांगला खासदार एकच विषय चारही ठिकाणी विचारतो. नोंदवहीत प्रश्नापुढे मंत्रालयाचे नाव अवश्य लिहावे.

उत्तरात ‘माहिती संकलित करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे वाक्य असेल, तर त्याखाली ठळक रेघ मारावी. असे उत्तर शासकीय आश्वासन मानले जाते, त्याची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते आणि लोकसभेची आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते. आश्वासन पूर्ण झाले का, हे आपल्या खासदारांना पत्राने विचारण्याचा प्रत्येक मतदाराला अधिकार आहे, आणि माझ्या मते तुमच्या उपक्रमाचे सर्वांत मोलाचे काम तेच ठरेल.

ऋणानुबंध:

मतदानाविषयी लिहितो. महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो.

बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. पीठासीन अधिकारी ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ आवाज ऐकून निर्णय देतात आणि कोणी काय म्हटले याची नावनिशी नोंद राहत नाही. ती राहते फक्त मतविभाजन झाले तर, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत नोंदवून मोजले गेले तर. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, त्यामुळे तिथे मतविभाजन अटळ असते. एरवी सदस्यांनी ते मागावे लागते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाली आणि मतविभाजनाची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. परिणामी त्या कायद्यांवर महाराष्ट्रातील कोणत्या राज्यसभा सदस्याचे मत काय होते, हे आज कोणत्याही कागदावर सापडत नाही. शेतकऱ्यांच्या दृष्टीने गेल्या कित्येक वर्षांतील सर्वांत वादग्रस्त कायद्यांबाबत अशी स्थिती असावी, याची खंत वाटते.

मतविभाजन झाले असेल, तर संसदेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या कार्यवाहीत मतविभाजनाची यादी मिळते. ‘अनुकूल’ या मथळ्याखाली आणि ‘प्रतिकूल’ या मथळ्याखाली सदस्यांची नावे छापलेली असतात. त्या याद्यांखाली बारीक अक्षरांत एक तळटीप असते, तिच्यात यंत्राऐवजी चिठ्ठीने मत दिलेल्या किंवा मत दुरुस्त केलेल्या सदस्यांची नावे येतात. ही तळटीप वाचल्याशिवाय कोणालाही गैरहजर ठरवू नये. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्रित निवडणुकांसंबंधीचे १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर यंत्राने प्रथम २२० विरुद्ध १४९ असा आकडा दाखवला. चिठ्ठ्या मोजल्यावर तो २६९ विरुद्ध १९८ झाला. म्हणजे शंभराच्या आसपास मते चिठ्ठ्यांमुळे हिशेबात आली.

या याद्या वाचण्याचे मोल महिला आरक्षण विधेयकाच्या मतदानात दिसते. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ते ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले, आणि त्या दोन प्रतिकूल मतांपैकी एक तत्कालीन औरंगाबाद मतदारसंघाचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते. त्यांची भूमिका कोणाला पटो वा न पटो, मतदाराला ती नावानिशी कळली.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून मतदानाच्या यादीत मुख्यतः पक्षाचा निर्णय उमटतो, त्या व्यक्तीचा क्वचितच. मी मतापेक्षा भाषणाला अधिक महत्त्व देईन. पक्षादेश मताला बांधतो, पण विधेयकातील कोणत्या कलमावर बोट ठेवले, कोणती दुरुस्ती सुचवली, मंत्र्याला कोणती शंका विचारली, यावर सदस्याचा स्वतःचा ठसा राहतो.

लंडनहून वाचक:

ऋणानुबंध यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. पक्षादेश होता म्हणून मताची जबाबदारी पक्षाची, असे म्हटले तर मतदाराने निवडून दिलेल्या व्यक्तीकडे विचारायचे तरी काय? ब्रिटनमध्ये पक्षादेश असतोच, तरीही हाउस ऑफ कॉमन्समधील प्रत्येक मतविभाजनाची नावनिशी यादी प्रसिद्ध होते आणि पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व कायद्याने जात नाही. ‘दे वर्क फॉर यू’ नावाचे नागरिकांनी चालवलेले संकेतस्थळ ही सारी माहिती सामान्य मतदारासाठी मांडते. त्याचा एक धडा मात्र तुमच्या उपयोगी पडेल. भाषणांच्या संख्येला महत्त्व मिळू लागल्यावर काही सदस्य आकडा वाढवण्यासाठीच बोलतात, अशी टीका तिथेही झाली. फलकावर क्रमांक लावण्याचा मोह टाळावा.

आंबेघाट:

समित्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण संसदेचे बरेचसे खरे काम तिथे होते आणि मतदाराला ते सर्वांत कमी दिसते.

विभागांशी संलग्न स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. २००४ पासून त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री यांचे सदस्य नसतात. समितीची मुदत एक वर्षाची असल्याने आपले खासदार या वर्षी कोणत्या समितीत आहेत, हे दरवर्षी नव्याने पाहावे. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मध्यंतरात या समित्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. हे काम फार महत्त्वाचे आहे, कारण सभागृहात मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि उरलेल्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकत्र मतास टाकल्या जातात. अशा मंत्रालयाच्या खर्चाची संसदेकडून बारकाईने तपासणी झालीच असेल, तर ती समितीतच झालेली असते.

बैठका बंद दाराआड होतात. त्यांचे प्रक्षेपण होत नाही. पण अहवाल प्रसिद्ध होतो आणि त्याच्या शेवटी परिशिष्ट म्हणून बैठकांची इतिवृत्ते जोडलेली असतात. इतिवृत्तात तारीख, वेळ, उपस्थित सदस्यांची यादी, आणि साक्षीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे असतात. कोणत्या सदस्याने काय विचारले, हे त्यात नसते. ‘सदस्यांनी शंका उपस्थित केल्या’ इतकेच असते. त्यामुळे या परिशिष्टांवरून उपस्थितीचा तक्ता नक्की तयार करता येईल, पण योगदानाचा नाही. या समित्यांत सदस्याला भिन्नमताची टिपणी जोडता येते आणि ती अहवालासोबत छापली जाते. ती असेल तर जरूर वाचावी. ती सदस्याच्या स्वतःच्या सहीची असते. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समिती आणि अंदाज समिती यांच्या अहवालांना मात्र भिन्नमत जोडण्याची प्रथा नाही.

अहवालानंतर सरकारने कोणत्या शिफारशी स्वीकारल्या आणि कोणत्या नाकारल्या, याचा वेगळा कार्यवाही अहवाल येतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

आणि आकड्यांविषयी पटलावर यांनी जे लिहिले आहे, त्याला एक जुने उदाहरण जोडतो. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी १९६७ मध्ये, मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, मूलभूत हक्कांसह घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे खासगी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, देशभर त्यावर वाद झाला, पण नाथ पै यांच्या हयातीत ते संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून तोच अधिकार घटनेत लिहिला. आजच्या तक्त्यात त्या कामाची नोंद ‘खासगी विधेयक : १, संमत : ०’ अशी झाली असती. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा होऊ शकलेले नाही, म्हणून संमतीच्या निकषावर या विधेयकांना मोजणेच व्यर्थ आहे. विधेयक कशाबद्दल होते आणि त्याने चर्चा कुठे नेली, हे दोन ओळींत लिहावे.

निफाडकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचनालयातील सहकाऱ्यांशी बोलून आम्ही टक्केवारीचा रकाना काढून टाकत आहोत. त्याऐवजी कांदा, रेल्वे आणि पिण्याचे पाणी असे तीन विषय धरून प्रत्येकाखाली प्रश्न, मंत्रालय, उत्तराचा सारांश, प्रलंबित आश्वासन आणि समितीचा संबंधित अहवाल अशी नोंद ठेवू. मतविभाजने वेगळ्या पानावर तारखेसह लिहू आणि तिथे पक्षादेशाचा उल्लेख करू.

एक शेवटची शंका आहे. खासदारांचे जिल्ह्यातील काम, विशेषतः केंद्राच्या योजनांवर देखरेख, या नोंदवहीत घ्यावे का?

आंबेघाट:

घ्यावे, पण वेगळ्या विभागात. खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीचे वर्षाला ५ कोटी रुपये असतात आणि त्या कामांची यादी सार्वजनिक असते. लोक तिच्याकडेच जास्त पाहतात. मी मात्र ‘दिशा’, म्हणजे जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समितीकडे आधी पाहीन. तिचे अध्यक्ष खासदार असतात, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी असतात आणि दर तिमाहीला बैठक घेणे अपेक्षित असते. रोजगार हमी, घरकुल, जलजीवन यांसारख्या केंद्रीय योजनांचा आढावा तिथे होतो. बैठक झाली की नाही आणि मागील बैठकीतील सूचनांचे काय झाले, हे इतिवृत्तात असते. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा साधा अर्ज करून मागील चार बैठकांची इतिवृत्ते आणि उपस्थिती पत्रके मागवावीत. अर्जात ‘दिशा समिती’ असे नाव आणि आर्थिक वर्ष दोन्ही स्पष्ट लिहावे, म्हणजे अर्ज एका विभागाकडून दुसऱ्याकडे फिरत राहणार नाही.