हॅम्बुर्ग ते नॉर्वे, 8 जण, गाडी आणि बोट : मार्ग कसा आखावा?

एल्बेकाठची :
नमस्कार मंडळी. जुलैत 11 दिवसांची सुट्टी जुळून आली आहे. आम्ही दोघं, मुलं (6 आणि 10), दीर-जाऊ आणि नाशिकहून आलेले सासू-सासरे (67 आणि 72) असे आठ जण. हॅम्बुर्ग–ओस्लो–फ्लोम–बर्गन आणि परत, एवढं मनात आहे. डेन्मार्क-स्वीडनमधून पुलांवरून गाडी हाणत जायचं, की कुठेतरी बोटीत घालायची? सासूबाईंना बोट लागते, म्हणून जीव धजावत नाही. नऊ आसनी व्हॅन भाड्याने घ्यावी की दोन गाड्या न्याव्यात? सासू-सासऱ्यांचा व्हिसा जर्मनीचा आहे, सिंगल एंट्री. चालेल ना?

कीलचा_खलाशी :
आधी व्हिसाचं. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. जर्मनीहून तिथे गेलात आणि परत आलात तरी शेंगेनबाहेर पडल्यासारखं होत नाही, एकच एंट्री पुरते. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, बोटीच्या चेक-इनला लागतात.

आता बोट. ज्येष्ठ सोबत असताना रस्त्याने ओस्लोला जाऊच नका, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. कील तुम्हाला शंभरेक किलोमीटर. तिथून दुपारी 2 ला ओस्लोची बोट सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला पोचते. हे वीस तास म्हणजे सहलीचा पहिला दिवसच धरा. संध्याकाळी बोट डेन्मार्कच्या स्टोरबेल्ट पुलाखालून जाते, तेव्हा सगळे वरच्या डेकवर जमतात. जुलैत तेव्हा लख्ख उजेड असतो. सकाळी लवकर उठून ओस्लोच्या खाडीत शिरताना बघा. दोन्ही बाजूंना लहान लहान बेटं आणि त्यांवरची लाकडी घरं इतकी जवळ येतात की चहाचा कप हातात तसाच राहतो. गाडी चालवणारे मात्र पूर्ण झोप घेऊन उतरतात, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

बोट लागण्याबद्दल : या मार्गाचा बराच भाग आडोशाच्या पाण्यातून जातो. केबिन बोटीच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या मजल्यावर मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या आधीच द्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

हिशेबी_मामा :
ओस्लोची बोट सुंदर आहे, पण जुलैत आठ जणांच्या दोन केबिन आणि गाड्या म्हणजे खिसा बराच हलका होतो. डेन्मार्कच्या टोकाला हिर्त्सहाल्स आहे, हॅम्बुर्गहून सुमारे 500 किमी. तिथून बोटीने नॉर्वेतल्या क्रिस्तियानसानला सव्वातीन तासांत पोचता, केबिनचा खर्च नाही. पण मधला स्कागेराक समुद्र वाऱ्याच्या दिवशी चांगलाच उसळतो. म्हणून जाताना कील–ओस्लो, येताना हिर्त्सहाल्स असं करा. दर वाराप्रमाणे खूप बदलतात. मंगळवार-बुधवार बघा आणि आजच बुक करा.

आणि हो, छतावर डबा लावणार असाल तर गाडीची उंची डब्यासकट मोजा. आम्ही एकदा नुसत्या गाडीची उंची भरली होती. चेक-इनला वरचे पैसे मोजावे लागले आणि मागे रांग खोळंबली, त्याचं जास्त वाईट वाटलं.

एल्बेकाठची :
दोघांचेही मनापासून आभार. व्हॅन की दोन गाड्या, हे सांगा ना कुणीतरी. दीर म्हणतात, व्हॅनमध्ये सगळे एकत्र राहू.

गुहागरकर_ओस्लो :
ताई, दोन गाड्या. जर्मन बी वर्गाच्या लायसन्सवर चालकासह नऊ जणांची व्हॅन चालवता येते हे खरं, पण आठ माणसं बसल्यावर बॅगा कुठे ठेवणार? शिवाय पश्चिम नॉर्वेत रस्ते इतके अरुंद होतात की समोरून बस आली तर एकाला मागे सरावं लागतं. एक गाडी भाड्याची असेल तर ती सीमेपार आणि बोटीवर नेण्याची परवानगी लेखी घ्या.

इथे किलोमीटरवर जाऊ नका. 200 किमीला चार तास धरा. 10 ला उतरून त्याच दिवशी फ्लोम गाठायचा मोह टाळा. वाटेतल्या गोल या गावापर्यंत या आणि मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी हेमसेदालमार्गे निघा, वाटेत बोर्गुंडचं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च बघा. पुढे लेर्दालचा बोगदा आहे, 24.5 किमी लांब. चालकाला कंटाळा येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी निळ्या उजेडाच्या मोठ्या गुहा केल्या आहेत, मुलांना मजा येईल. बोगद्यात कुणाचा जीव घाबरत असेल तर जुलैत आउरलँडचा डोंगरावरचा जुना रस्ता उघडा असतो.

फ्लोमला दोन रात्री राहाच. गाड्या तिथेच ठेवून नेरॉयफ्योर्डमधून (फ्योर्ड म्हणजे उंच डोंगरांमधली समुद्राची अरुंद खाडी) बोटीने गुडवांगेनला जायचं आणि बसने परतायचं, म्हणजे चालकांनाही फ्योर्ड बघायला मिळतो. नाहीतर चालवणाऱ्यांच्या वाट्याला नुसते बोगदेच येतात. मग बर्गन, आणि तिथून किनाऱ्याने स्तावांगर. या रस्त्यावर हाल्येम–सांदविकवोग आणि आर्सवोगेन–मोर्ताविका अशा दोन फेरीबोटी लागतात. कधी दाभोळ-धोपावे फेरीत गाडी घातली असेल तर त्याच जातीची गोष्ट, फक्त बोट बरीच मोठी. बुकिंग लागत नाही, रांगेत उभं राहायचं. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल मागाहून घरी येतं. मी आजही अशा फेरीत शिरलो की वाशिष्ठीच्या पाण्याचा वास येतो.

अजून एक, आणि हे फार गंभीर आहे. जर्मनीत चालकाला रक्तात 0.5 प्रति हजार मद्यांशापर्यंत मुभा आहे, नॉर्वेत फक्त 0.2. बोटीवर रात्री उशिरा वाइन घेणाऱ्याने सकाळी ओस्लोत चाक हातात घेऊ नये.

डबेवाली_वहिनी :
जेवणाचं मी सांगते. नॉर्वेत बाहेर आठ जणांचं जेवण फार महाग पडतं, म्हणून स्वयंपाकघर असलेली घरं घ्या. तांदूळ, डाळी, मसाले, भाजणी खुशाल न्या. बटाटे नेऊ नका! पिकांच्या रोगांच्या भीतीने प्रवाशांना बटाटे आणायला बंदी आहे. भारतातून आलेलं तूप, पेढेही नाही चालत. केबिनमध्ये कुकर वगैरे काही लावू नका, पहिल्या रात्रीसाठी मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी उत्तम.

आणि बोटीत गाडी लावली की गडबडून जाऊ नका. पिवळ्या जाकिटातला माणूस हाताने पुढे, अजून पुढे अशी खूण करत राहतो, पुढच्या गाडीत आणि तुमच्यात वीतभर जागा उरते, खालून लोखंडाचा खडखडाट. त्या गोंधळात माझ्या सासऱ्यांची बीपीची गोळी गाडीतच राहिली. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद करतात, सकाळपर्यंत जाता येत नाही. ती रात्र मी जागून काढली. औषधं, स्वेटर, मुलांचे कपडे यांची वेगळी पिशवी आदल्या दिवशीच भरा. हँडब्रेक ओढा, गाडीचा अलार्म बंद करा आणि जिन्याच्या दाराचा नंबर-रंग फोटो काढून ठेवा.

एल्बेकाठची :
वहिनी, बटाट्यांचं वाचून जाऊबाईंना लगेच फोन केला, त्यांनी पाच किलोची पिशवी यादीत लिहिलीच होती! दोन गाड्या ठरल्या. मंगळवारची कील–ओस्लो मिळतेय, मधल्या केबिन दोन. सासूबाईंना पुलाखालून जायचं सांगितलं, तर म्हणाल्या, मग मला वेळेवर वर घेऊन जा. गोलला सहा मोठी आणि दोन मुलं मावतील असं घर कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.