तळ्याकाठच्या चिखलात झाडं कुठली लावायची? बोला कोल्हापूरकर

चिखलपाय: कळंब्याच्या अंगाला तळ्याकाठी आमच्या भावकीची थोडी जागा हाय. श्रावणात गुडघाभर पाणी, मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा. नर्सरीवाल्यानं गुलमोहर आन लॉन गळ्यात मारलं, पहिल्याच पावसात मुळं कुजली आन झाड आडवं. मूळचं मादागास्करचं ते, आपली काळी माती आन साचलेलं पाणी त्याला काय झेपणार? माझं स्पष्ट मत, काठावर इथलीच झाडं लावायची. पाण्याच्या रेषेवर वाळुंज, जरा वर करंज आन अर्जुन, पार चिखलात लव्हाळा नि पाणकणीस, म्हणजे ते उंच पाणगवत.

तांबडापांढरा: पाणकणीस?? भावा नाद करू नको. आमच्या शेततळ्यात चार गड्डे लावलेले, आता पाणी शोधावं लागतंय. खाली गड्डे पसरतात, त्यात गाळ अडकतोय आन तळं भरून येतंय. देशी म्हणून काय डोक्यावर घ्यायचं?

रंकाळ्यावरचा: मी रोज रंकाळा तलावाच्या पदपथावर फिरतो, मला तळ्यातला जुना दगडी संध्यामठ दिसला पायजे, गवताची भिंत नको. शिवाय डास, साप. लहान पोरं असतात हो तिथं.

चिखलपाय: डासांचं म्हणाल तर केंदाळाकडं, म्हणजे जलपर्णीकडं बघा की. काही जातीच्या डासांच्या अळ्या केंदाळाच्या मुळालाच चिकटून श्वास घेतात, आन ते केंदाळ आलंय दक्षिण अमेरिकेतनं. काठावरची बेशरम पण तिकडचीच, गुरं तोंड लावत नाहीत, तोडून टाकलेली कांडी परत फुटते. पाणकणसात निदान जांभळी पाणकोंबडी घरटं तरी करते.

तांबडापांढरा: पाणकोंबडी करू दे, पण कापणार कोण दरवर्षी?

पाणथळप्रेमी: दोघांचंही अर्धं बरोबर. पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली कापायचं, म्हणजे गड्ड्याला हवा मिळत नाही आन तो कुजतो, वर कापलं तर जोमानं फुटतंय. आन ते सगळ्या काठाला नकोच, जिथं ओढ्याचं घाण पाणी आत येतं तेवढ्या तोंडाशी ठेवा, गाळ तिथंच अडकू दे. बाकी काठाला वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात, काठ ढासळत नाही. वाळुंजाची ओली फांदी चिखलात खोचली तरी जगते, रोपाला पैसे घालवू नका. पण लावायचं पाणी उतरताना, जूनमध्ये न्हवं, नायतर रोप बुडून मरतंय.

रंकाळ्यावरचा: वाळा चालेल. सापाचं कुणीच बोललं नाही बघा.

चिखलपाय: साप आधीपासनंच हायत काका, बहुतेक पाणदिवड, बिनविषारी. बरं, अर्जुनाची रोपं कुणाकडं हायत का?